साडेपाच मीटर कुठून मोजले?

सांगली-मिरजेच्या पाच जणांनी ग्रीसच्या आयोनियन समुद्रात आठवडाभरासाठी शिडाची नाव भाड्याने घेतली. सहाव्या रात्री ती नांगरासकट सरकली आणि मागे उभ्या असलेल्या एका कॅटामरानला, म्हणजे जुळ्या सांगाड्यांच्या नावेला, जाऊन टेकली. कुणाला साधं खरचटलंही नाही. नुकसान म्हणजे समोरच्यांच्या कठड्याचा एक वाकलेला खांब, हातभर ओरखडा, आणि अनामत रकमेतून कापले गेलेले सातशे युरो. पण सांगलीत परतल्यावर त्या सातशे युरोंवरून जी धुसफूस सुरू झाली ती दिवाळीपर्यंत पुरली. शेवटी लॉगबुकाच्या पानांचे फोटो, फोनमधला नावेचा माग आणि सहलीची सगळी छायाचित्रं माझ्याकडे आली. मी पूर्वी मालवाहू जहाजांवर डेक ऑफिसर होतो, आता विश्रामबागेत राहतो. 'चूक कुणाची ते तुम्ही सांगा,' एवढीच मागणी होती.

निवाडा करणं माझं काम नाही, हिशेब तपासून देतो, असं सांगून मी कागद ठेवून घेतले. खाली आहे ते त्या तपासणीचं टिपण. पाचही जणांना विचारूनच लिहितो आहे आणि नावं मुद्दाम गाळली आहेत.

माणसं, नाव आणि पाणी

कर्णधार सांगलीतले सिव्हिल इंजिनियर, पन्नाशीच्या आतबाहेरचे. शीड हाताळायला मुंबईत शिकले, मग परदेशात जाऊन परवान्याचा कोर्स केला. ग्रीसमध्ये पगारी कर्णधाराशिवाय नाव भाड्याने घ्यायची तर एकाकडे मान्य परवाना लागतो, शिवाय नाव हाताळता येणारा दुसरा माणूस कागदावर दाखवावा लागतो. तो दुसरा माणूस म्हणजे त्यांचा भाचा. जर्मनीत शिकतो आणि तिथल्या तळ्यावर डिंग्या नावाच्या छोट्या होड्या चालवतो. तिसरे कर्णधारांचे मेहुणे, तासगावकडचे द्राक्षबागायतदार. तरुणपणी कृष्णेतल्या होड्यांच्या शर्यतीत वल्हं मारलेला गडी, पण शिडाशी संबंध नव्हता. उरलेलं जोडपं मिरजेतलं, दोघंही डॉक्टर.

नाव ४१ फुटी. बुडाखालच्या पात्याचं, म्हणजे कीलचं, टोक पाण्याखाली २.१ मीटरवर. पुढे २० किलोचा नांगर, त्याला १० मिलिमीटर जाडीची ५० मीटर साखळी, आणि ती ओढायला विजेवर चालणारा विंडलास. भाड्याच्या नावांवर साधारण असतं तेवढं सामान, त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

आयोनियन समुद्र नवशिक्यांचा लाडका आहे आणि त्याला कारण आहे. लेफ्कादा, मेगानिसी, इथाका, केफालोनिया, कालामोस, कास्तोस ही बेटं इतकी जवळजवळ आहेत की एकावर उभं राहिलं की पुढचं दिसतं. उन्हाळ्यात वायव्येचा वारा, तिथे त्याला मैस्त्रो म्हणतात, दुपारी उठतो आणि संध्याकाळी पडतो. त्यामुळे सकाळी आरामात निघायचं, दुपारच्या वाऱ्यावर दहा-पंधरा सागरी मैल कापायचे, संध्याकाळी एखाद्या खाडीत नांगर टाकायचा, असा दिनक्रम आपोआप ठरून जातो. भरती-ओहोटी जवळपास नाहीच, पाणी वीतभर वरखाली होतं. मुंबईत उधाणाला चार मीटरहून जास्त फरक बघितलेल्या माणसाला हे पाणी फार सोपं वाटतं. पहिल्या पाचही रात्री वारा इतका पडला की साखळी नाळेपासून, म्हणजे नावेच्या पुढच्या टोकापासून, सरळ खाली लोंबत होती. नांगर नुसता तळाशी पडून राहिला असता तरी चाललं असतं. पाच रात्री काहीही न झाल्याने आपलं तंत्र बरोबर आहे अशी खात्री सगळ्यांना वाटू लागली होती, आणि मला हीच गोष्ट सगळ्यात धोक्याची वाटते. त्या पाच रात्रींनी तंत्राची परीक्षा घेतलीच नव्हती.

गुरुवार

अशा नावा शनिवार ते शनिवार भाड्याने मिळतात आणि शुक्रवारी संध्याकाळी तळावर परत आणून लावायच्या असतात. म्हणजे बाहेरची शेवटची रात्र गुरुवारची. त्या दिवशी मंडळी इथाकाच्या वाथीहून निघाली होती. कर्णधारांचं मत होतं की रात्री कालामोसच्या छोट्या बंदरात धक्क्याला लागावं. डॉक्टरीणबाईंना पोर्तो लिओने बघायचं होतं.

पोर्तो लिओने कालामोसच्याच दक्षिण बाजूला आहे, कास्तोसच्या समोर. १९५३ च्या ऑगस्टमध्ये या बेटांना मोठा भूकंप झाला. केफालोनिया, झाकिंथोस आणि इथाकावरची गावंच्या गावं पडली, आणि पोर्तो लिओने त्यानंतर ओस पडलं. आज तिथे छपरं गेलेल्या दगडी भिंती आहेत आणि एक चर्च तेवढं नीट राखलेलं आहे. बाईंचं माहेर पाटण तालुक्यातलं. डिसेंबर १९६७ च्या कोयनेच्या भूकंपाच्या गोष्टी ऐकत त्या मोठ्या झाल्या. त्यांना ते गाव का बघावंसं वाटलं हे मला विचारावं लागलं नाही.

भांडणात पुढे हाच मुद्दा सगळ्यात वर आला: 'तिथे गेलोच नसतो तर.' तो आधीच बाजूला काढतो. त्या खाडीत दर उन्हाळ्यात कितीतरी नावा रात्र काढतात. त्या रात्रीही इतर नावा होत्या आणि त्यातली एकही सरकली नाही.

वाटेत पोहण्यासाठी थांबा झाला, जेवण लांबलं. खाडीत शिरायला पावणेसात वाजले. सूर्यास्ताला पाऊण तास बाकी होता, पण कालामोसचा सातशे मीटरहून उंच डोंगर पश्चिमेच्या बाजूला असल्याने खाडी केव्हाच सावलीत गेली होती. एरवी तिथलं पाणी काचेसारखं. ऊन डोक्यावर असताना तळाची वाळू फिकट दिसते आणि समुद्री गवताचे पट्टे गडद. नांगर टाकायचा तो फिकट जागी, कारण गवतात तो मुळांवरून घसरतो. शिवाय पोसिडोनिया नावाचं ते गवत युरोपात संरक्षित आहे, ते उपटणं मुळातच बरं नाही. सावलीत सगळाच तळ एका रंगाचा दिसला.

चांगल्या जागा भरलेल्या होत्या. किनाऱ्याच्या आतल्या बाजूला एक मोकळा तुकडा होता आणि त्याच्या थेट मागे, वाऱ्याच्या खालच्या अंगाला, एक कॅटामरान उभं होतं. त्यावर एक वयस्कर फ्रेंच जोडपं होतं. पाण्याची खोली दाखवणाऱ्या यंत्राच्या पडद्यावर आकडा आला ५.५. साखळी खोलीच्या काही पट सोडतात, म्हणून कर्णधारांनी हिशेब केला: साडेपाचच्या साडेचारपट, म्हणजे पंचवीस मीटर साखळी. जास्त सोडली तर नाव कॅटामरानच्या नांगरावर जाते. भाच्याने साखळीवरचे रंग मोजत पंचवीस मीटर सोडली, इंजिन थोडा वेळ हळू रिव्हर्सला टाकलं, नाव थांबली. 'बसला,' असं कुणीतरी म्हणालं आणि स्वयंपाक सुरू झाला. दिवस मावळायला आल्यामुळे गाव बघायचं सकाळवर ढकललं.

रात्र

पुढच्या वेळा फोनमधल्या मागावरून घेतल्या आहेत. नांगराच्या अलार्मचं ॲप दर काही सेकंदांनी जागा नोंदवत असतं, त्यामुळे आठवणींवर अवलंबून राहावं लागलं नाही.

२:३१ ला नाव सरकायला लागली. डोंगराकडून झोत उतरत होते. रात्री उतारावरची जमीन निवते, तिला लागून असलेली हवा गार आणि जड होते आणि दरीदरीतून खाली वाहते. वरचा वारा त्याच दिशेचा असेल तर दोन्हींची बेरीज होते. वाऱ्याच्या यंत्राने पकडलेला सर्वांत मोठा झोत ३१ नॉटचा होता (नॉट म्हणजे ताशी एक सागरी मैल). सकाळी बघितलेल्या अंदाजात रात्रीसाठी ८ ते १० नॉट लिहिलेले होते. त्या अंदाजाला खोटं म्हणता येणार नाही. जीएफएससारख्या जागतिक हवामान मॉडेलचा आपल्याला फोनवर दिसणारा एकेक चौकोन पंचवीसएक किलोमीटरचा असतो, आणि अख्खं कालामोस पंचवीसएक चौरस किलोमीटरचं. मॉडेलच्या दृष्टीने तिथे डोंगर धड नाहीच.

२:३८ ला मेहुणे उठले. ते वर कॉकपिटमध्ये झोपले होते. बागायतदाराची झोप वाऱ्याच्या आवाजाला सावध असते, विशेषतः ज्याची बाग अवकाळीत एकदा झोपली आहे त्याची. त्यांनी पाहिलं की कॅटामरानच्या डोलकाठीवरचा दिवा झोपताना होता त्यापेक्षा बराच वर आणि जवळ आलाय. खाली जाऊन हाक दिली: "दाजी, उठा की. नाव सरकायलीय."

कर्णधार वर आले, दोन-तीन मिनिटं बघत उभे राहिले आणि म्हणाले, "झोके घेतेय नुसती." हे म्हणणं अगदीच निराधार नव्हतं. नांगरावरची नाव वाऱ्यात डावीउजवीकडे झुलतेच, आणि अंधारात झुलणं आणि सरकणं यातला फरक डोळ्यांना सांगता येत नाही. तो सांगायला किनाऱ्यावरच्या दोन खुणा लागतात, एकीमागे एक, संध्याकाळीच मनात धरून ठेवलेल्या. ओसाड गावात दिवे नाहीत. तिथे काळ्या डोंगरकडेचा एखादा खाचा आणि चर्चची पांढरी भिंत एवढंच हाताशी होतं, आणि ते कुणी धरून ठेवलेलं नव्हतं.

२:४६ ला इंजिन सुरू झालं. भाचा नाळेवर गेला आणि विंडलासने साखळी ओढू लागला. कर्णधार सुकाणूवर. दोघांत बारा मीटर अंतर, वाऱ्याचा आवाज, हाताच्या खुणा ठरलेल्या नाहीत. इंजिनाने नाव पुढे न्यायची आणि विंडलासने फक्त सैल झालेली साखळी गोळा करायची, असं काम असतं. इथे विंडलासच सात-आठ टनांची नाव वाऱ्याविरुद्ध ओढत होता. २:४८ ला त्याचा ब्रेकर पडला. ब्रेकर कुठे आहे हे कुणालाच ठाऊक नव्हतं. (तो डॉक्टर दांपत्याच्या गादीखाली निघाला. बाकी भांडणात सगळे हसले ते एवढ्या एका गोष्टीवर.)

त्याच मिनिटाला अलार्म वाजला. २:४९ ला सरकणाऱ्या नांगराने कॅटामरानची साखळी पकडली, नाव आडवी फिरली आणि कुशीने कॅटामरानला लागली. मागे बांधलेली रबरी डिंगी दोघांच्या मधे चेपली गेली म्हणून एका ओरखड्यावर निभावलं.

फ्रेंच जोडपं आधीच फेंडर, म्हणजे धक्का झेलणाऱ्या फुगीर उशा, घेऊन उभं होतं. ते आरडाओरडा न करता कामाला लागले. पुढचा तासभर त्या म्हाताऱ्या गृहस्थांनी जे करून दाखवलं ते अशा प्रसंगी नेहमीचं आहे, तरी लिहून ठेवतो. ब्रेकर सापडल्यावर दोन्ही साखळ्या विंडलासने पाण्याच्या वरपर्यंत आणायच्या. दुसऱ्याच्या साखळीखालून एक दोर घालून आपल्या नाळेवर बांधायचा, म्हणजे तिचं वजन दोरावर येतं. मग आपला नांगर थोडा खाली सोडायचा, तो आपोआप सुटून पडतो. तो वर घ्यायचा आणि दोराचं एक टोक सोडून द्यायचं. चार वाजता नाव मोकळी झाली. उजाडेपर्यंत कालामोस आणि कास्तोसच्या मधल्या पाण्यात इंजिनावर येरझाऱ्या घातल्या. गाव बघायचं राहिलंच.

आकडा

माझ्याकडे आल्यावर प्रत्येकाने आपापलं कारण सांगितलं. कर्णधार म्हणाले वारा अनपेक्षित होता. भाचा म्हणाला नांगर जुन्या पद्धतीचा होता. डॉक्टर म्हणाले उशीर झाला. डॉक्टरीणबाई गप्प होत्या, कारण सगळ्यांची नजर त्यांच्याकडे होती. पण एका गोष्टीवर पाचही जण एकमुखाने बोलत होते: पाणी साडेपाच मीटर होतं आणि साखळी साडेचारपट होती. लॉगबुकातही तेच लिहिलेलं.

मला तेच खटकलं. इतक्या साखळीवर, वाळूत बसलेला नांगर तीस नॉटला कुरकुरला असता, झोत सोसत सोसत कदाचित थोडा सरकलाही असता. पण अठरा मिनिटांत पन्नास मीटर सलग वाहत गेला नसता.

उत्तर डॉक्टरीणबाईंच्या फोटोंत सापडलं. पहिल्या शनिवारी, नाव अजून लेफ्कादाच्या धक्क्याला बांधलेली असताना, त्यांनी सुकाणूपाशी सगळ्यांचा फोटो काढला होता. मागे पडदा चालू. मोठा करून बघितला तर खोली दिसते: १.४ मीटर. ज्या नावेचं कील २.१ मीटर खाली जातं ती १.४ मीटर पाण्यात तरंगू शकत नाही, ती चिखलात उभी असायला हवी. म्हणजे यंत्र पाण्याच्या पृष्ठभागापासून मोजत नव्हतं, कीलच्या टोकापासून खाली मोजत होतं. दोन्ही तऱ्हा प्रचलित आहेत, सेटिंगमध्ये बदलता येतात, आणि भाड्याच्या नावेवर कोणती ठेवलेली आहे हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता गुरुवारचा हिशेब पुन्हा मांडू. पडद्यावर ५.५, त्यात कीलचे २.१, झाले ७.६. साखळी पाण्याच्या पृष्ठभागापासून सुटत नाही, नाळेच्या रोळावरून सुटते, आणि तो पाण्यापासून १.३ मीटर वर. एकूण ८.९. पंचवीसला ८.९ ने भागलं की २.८ येतात. सगळे ज्याला साडेचारपट म्हणत होते ते प्रत्यक्षात तीनपटसुद्धा नव्हतं. जेवायला तासभर थांबायचं तर चालतं, रात्रीला नाही. रात्रीला पाचपट म्हटलं तरी साडेचव्वेचाळीस मीटर हवी होती.

यातून पुढची भौतिकी सरळ आहे. हलक्या वाऱ्यात साखळी स्वतःच्या वजनाने झोळ धरते, तिचा शेवटचा भाग तळावर पडून राहतो आणि नांगरावरची ओढ आडवी राहते. वारा वाढला की झोळ निघून जातो. वाऱ्याचा जोर वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे संध्याकाळच्या १२ नॉटवरून ३१ वर गेल्यावर जवळपास पावणेसातपट. एबीवायसी या अमेरिकी मानक संस्थेच्या तक्त्यात ४० फुटी नावेसाठी ३० नॉटला १२०० पौंड, म्हणजे साडेपाचशे किलोच्या आसपास, ओढ धरतात. असल्या ओढीखाली साखळी ताठ होते. २.८ पटीला ताठ साखळीचा तळाशी कोन २० अंशांच्या पुढे, पाचपटीला साडेअकरा. वीस अंशांनी वर खेचलेला नांगर रुतत नाही, उपटला जातो. त्यातून तळ समुद्राकडे उतरत होता. नाव जसजशी मागे गेली तसतसं पाणी खोल झालं, आणि तीच पंचवीस मीटर साखळी अडीचपट, मग दुपटीच्या आसपास उरली. एकदा सुटलेला नांगर पुन्हा धरण्याची शक्यता दर मीटरला कमी होत गेली.

इंजिनियर माणसाकडून हे कसं सुटलं, यावर मी बराच विचार केला. सांगलीत पावसाळ्यात कुणीही आयर्विन पुलाची पातळी विचारतो. ४० फूट म्हणजे इशारा, ४५ म्हणजे धोका, २०१९ ला ५७ च्या वर गेली होती. ती नदीची खोली नव्हे, पट्टीवरच्या ठरलेल्या शून्यापासूनची उंची आहे, आणि शून्य सगळ्यांचा एक आहे म्हणून नुसता आकडा ऐकून कुठल्या गल्लीत पाणी येणार ते लोक सांगतात. नावेवर मात्र शून्य कुठे आहे हे कुणी विचारलं नाही, आणि यंत्र दशांशात आकडा दाखवत असल्याने तो पक्का वाटला.

पण खरं कारण मला त्यांच्या मुंबईच्या वहीत दिसलं. शिकताना त्यांनी बेरीज नीट लिहून ठेवली आहे: पाण्याची खोली, अधिक नाळेची उंची, अधिक अजून चढायची असलेली भरती, आणि मग गुणाकार. मुंबईत भरतीच एवढी मोठी की बेरीज म्हणजे भरतीची बेरीज, असं डोक्यात बसलं. आयोनियनला भरती नाही हे पहिल्याच दिवशी कळलं. मग मिळवायचं काही उरलं नाही असं धरून अख्खी पायरीच गळून पडली, आणि भरतीबरोबर नाळेची उंचीही गेली. त्यांना हे दाखवलं तेव्हा ते बराच वेळ वहीकडे बघत बसले.

बाकीचं

उशिरा पोचणं, गवत, खुणा न धरणं, ब्रेकर, या सगळ्यांनी भर घातली, पण वजन सारखं नाही. रिव्हर्स मला जास्त महत्त्वाचं वाटतं. नाव थांबली म्हणजे नांगर बसला असं होत नाही. साखळीच्या वजनानेही नाव थांबते. इंजिन हळूहळू चढवत मिनिटाला निदान दोन हजार फेऱ्यांपर्यंत नेऊन, किनाऱ्याच्या खुणा हलत नाहीत हे बघत थोडा वेळ धरायचं. त्या संध्याकाळी हे केलं असतं तर नांगर बहुधा तेव्हाच उपटला असता आणि सगळा घोळ उजेडात, जेवणाआधी उलगडला असता.

अलार्मचं मात्र सांगायलाच हवं. भाच्याने तो प्रामाणिकपणे लावला होता, पण नांगर टाकला त्या क्षणी लावला नाही. साखळी सोडून, नाव मागे येऊन स्थिरावल्यावर, कॉकपिटमध्ये बसून लावला. त्यामुळे वर्तुळाचा मध्य नांगरावर न येता नावेवर आला, आणि त्रिज्या ठेवली ५० मीटर. म्हणजे नाव पूर्ण पन्नास मीटर वाहत गेल्याशिवाय तो वाजणारच नव्हता, आणि कॅटामरानपर्यंतचं मोकळं अंतर होतं जेमतेम चौपन्न मीटर. मध्य नांगरावर धरून त्रिज्या पस्तीसची ठेवली असती तर तो दहा-बारा मीटर सरकताच ओरडला असता, मेहुण्यांच्याही आधी. फोन खाली केबिनमध्ये चार्जिंगला होता, पण ते आता गौण.

जागेबद्दल माझं मत कडक आहे. जो आधी नांगर टाकतो त्याचा हक्क पहिला, उशिरा येणाऱ्याने सांभाळायचं. दुसऱ्याच्या वरच्या अंगाला, तेही त्याच्याच भयाने साखळी आखडती घेऊन, रात्र काढायची नसते. पुरेशी साखळी सोडता येत नाही असं कळलं की ती जागा आपली नाही. कास्तोस समोर दिसत होतं, कालामोसचं बंदर तासाभरावर. किंवा खाडीतच बाहेरच्या बाजूला, कॅटामरानच्या मागे, जास्त पाण्यात सगळी पन्नास मीटर सोडून राहता आलं असतं. सरकली असती तरी मोकळ्या समुद्राकडे.

सातशे युरो

पैशांचा प्रश्न मी सोडवला नाही, तो आधीच सुटलेला होता. कायद्याच्या दृष्टीने नावेची जबाबदारी कर्णधाराची, त्यात दुमत नाही, आणि म्हणून ते एकटेच सगळे भरायला निघाले होते. डॉक्टरांना ते सोयीचं वाटत होतं पण तसं म्हणवत नव्हतं. मग डॉक्टरीणबाईंनी ग्रुपवर जूनमधला निरोप शोधून काढला: 'डिपॉझिट गेलं तर पाचांत.' खाली चौघांचे अंगठे. भाच्याचा वाटा मामांनी भरला. भडंगाची पुडी संपायच्या आत विषय मिटला. इतके दिवस भांडण पैशांवर नव्हतंच, पोर्तो लिओनेला जाऊया म्हणणाऱ्यावर होतं, आणि तो फोटो निघाल्यावर त्यात दम राहिला नाही.

एका मुद्द्यावर मेहुणे अजून माझं ऐकत नाहीत. २:३८ ला ते म्हणाले होते, "अजून साखळी सोडा की." कर्णधारांनी नकार दिला, मागे कॅटामरान आहे म्हणून. मेहुण्यांच्या मते तिथेच नाव वाचली असती. मी माग पुढे ठेवून मांडून बघितलं. २:३८ ला नाव अठराएक मीटर सरकली होती, मागे छत्तीस उरले होते. वीस मीटर साखळी सोडली असती तर कॅटामरानच्या अलीकडे सोळा मीटर राहिले असते, आणि नांगरापाशी पाणी नऊच्या आसपास धरलं तर प्रमाण सव्वाचारच्या पुढे गेलं असतं. इंजिन पुढे चालवून ओढ हलकी केली असती तर धरण्याची शक्यता बरी होती. म्हणजे त्या वेळी त्यांचं बरोबर होतं. २:४३ च्या पुढे तेवढी जागाच उरली नव्हती. तेव्हा वीस मीटर सोडली असती तर नाव सरळ कॅटामरानच्या तोंडावर गेली असती. त्यांना पहिला भाग मान्य आहे, दुसरा नाही. कॅटामरानवाले जागेच होते, त्यांनीही आपली साखळी सोडून मागे सरकून दिलं असतं, हाक मारायची होती, असं त्यांचं म्हणणं. यावर माझ्याकडे अजून उत्तर नाही.